सेवेला निघताय? आधी व्हिसाचं बघा

पुणे-मुंबई महामार्ग सोडून कान्हे फाट्यावरून आत वळलं की टाकवे बुद्रुक लागतं आणि तिथून आंदर मावळ सुरू होतो. वडेश्वर, सावळे, खांडी, कुसूर ही गावं, टाटांच्या ठोकळवाडी धरणाचा जलाशय, डोंगरउतारावरची भातखाचरं आणि पलीकडे कर्जतच्या अंगाला उतरणारा कुसूरचा घाट. मावळ-मुळशीच्या अशा डोंगरी मुलखात बाहेरदेशची माणसं येऊन राहिली, रमली, इथल्या लोकांच्या कामाला आली. आज याच मुलखातल्या नर्सिंग, समाजकार्य किंवा आयटीआय झालेल्या मुलामुलींपुढेही उलट दिशेची वाट खुली आहे: वर्ष-दोन वर्षं परदेशात जाऊन विनामोबदला सेवा देण्याची.

या वाटेवरचा पहिला अडथळा पैशाचा किंवा भाषेचा असेल, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो असतो कागदाचा. कोणत्या परवान्यावर जायचं, तो किती दिवसांचा, त्यावर काय करता येतं आणि काय नाही, हे न कळल्यामुळे चांगल्या मनाची माणसं विमानतळावरून परत पाठवली जातात, किंवा नकळत बेकायदा ठरतात.

हा अडथळा नवा नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ जहाजानं पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. जपानी आक्रमणात होरपळणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसनं धाडलेलं ते वैद्यकीय पथक होतं. त्यात दोघे महाराष्ट्रातले: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांची पुढची कहाणी मराठी माणसाला पाठ आहे. आघाडीवरच्या शस्त्रक्रिया, चीनमध्येच गुओ चिंगलान यांच्याशी झालेला विवाह आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. त्याच पथकाच्या तयारीतली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पथकासाठी आधी निवडलेले कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन यांना ब्रिटिश सरकारनं पासपोर्टच दिला नाही. त्यांची राजकीय मतं सरकारला खुपत होती. त्यांच्या जागी डॉ. बिजॉयकुमार बसू गेले. सेवेची इच्छा दोघांचीही होती. पासपोर्ट मिळाला तो चीनला पोचला.

आज पासपोर्ट नाकारणं सरकारला इतकं सोपं राहिलेलं नाही. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परदेशप्रवास हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. आता प्रश्न उरतो तो समोरच्या देशाच्या दाराचा.

पगार नाही, मग परवाना कशाला?

सर्वांत घातक गैरसमज हाच. ‘मी पैसे घेणार नाही, मग ते काम कसं?’ असं स्वयंसेवकाला मनापासून वाटतं. बहुतेक देशांचा कायदा मात्र एकट्या पगाराकडे बघत नाही. तुम्ही कोणाच्या देखरेखीखाली, काय, किती तास आणि किती दिवस करणार, हे तो बघतो. शाळेत शिकवणं, रुग्णालयात ड्रेसिंग करणं, अनाथालयात मुलांची देखभाल करणं ही कामं एरवी तिथला स्थानिक माणूस पगार घेऊन करतो. म्हणून फुकट केली तरी ती कामंच ठरतात.

ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा करता येते, पण सगळी मिळून जास्तीत जास्त ३० दिवस आणि तेही भेटीचा मुख्य हेतू वेगळा असेल तर. भारताचा नियमही जवळपास असाच आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्याला कोणताही मोबदला न घेता जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवी काम करता येतं. त्याहून जास्त राहायचं तर वेगळा परवाना लागतो. म्हणजे महिन्याभराची हौस आणि वर्षभराची सेवा यांच्यात कायदा स्पष्ट रेघ ओढतो. दीर्घकाळ जायचं असेल त्यानं पर्यटक व्हिसाचा विचार मनातून काढून टाकावा, हे उत्तम.

संस्थेचं पत्र

समजा, टाकव्याच्या एका मुलीनं पुण्यात नर्सिंग केलं, दोन-तीन वर्षं रुग्णालयात काढली आणि टांझानियातल्या एखाद्या धर्मादाय रुग्णालयात वर्षभर सेवा द्यायचं ठरवलं. तिकडून उत्तर आलं, ‘जरूर या. पर्यटक व्हिसा काढा, बाकीचं आल्यावर बघू.’ इथंच थांबायला हवं. जी संस्था पाहुण्याला चुकीच्या व्हिसावर बोलावते, ती अडचणीच्या वेळी पाठीशी उभी राहील याचा भरवसा नसतो.

चांगल्या संस्थेचं पत्र हातात घेतलं की फरक चटकन दिसतो. वर संस्थेचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. खाली स्वयंसेवकाचं पासपोर्टवर आहे तसंच्या तसं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक. मग कामाचं स्वरूप नेमक्या शब्दांत: ‘प्रसूती कक्षात परिचारिकांना साहाय्य’. नुसतं ‘समाजसेवा’ असं लिहिलेलं पत्र कच्चं. कामाची जागा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास. राहण्याजेवणाचा, विम्याचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च कोण करणार, हे. हातखर्चाला काही रक्कम मिळणार असेल तर तिचा आकडा. आणि शेवटी, व्हिसाचा किंवा निवास परवान्याचा अर्ज कोणत्या वर्गात करायचा, हे. सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा नसलेलं पत्र वकिलातीत उपयोगाचं नाही.

परिचारिका किंवा डॉक्टर असेल तर आणखी एक पायरी येते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी परदेशात आपोआप चालत नाही. त्या देशाच्या परिषदेची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते आणि त्यासाठी इथल्या कौन्सिलकडून नोंदणी चांगल्या स्थितीत असल्याचा दाखला मागवला जातो. हे काम आठवड्यांचं नसून महिन्यांचं असतं.

यातून एक गोष्ट उघड होते. सेवेचा व्हिसा स्वयंसेवकाच्या भलेपणावर मिळत नाही. त्याच्यामागे कोणती संस्था उभी आहे, यावर तो मिळतो. म्हणून आधी देश, मग व्हिसा आणि शेवटी संस्था हा नेहमीचा क्रम उलटा करायला हवा.

व्हिसाच नको: नेपाळ

आपल्यासाठी सर्वांत जवळचा पर्याय लोकांच्या ध्यानात क्वचितच येतो. १९५० च्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री कराराच्या सातव्या कलमानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, फिरण्याची आणि व्यापार-व्यवसायाची मुभा आहे. भारतीय माणसाला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. डोंगरी शेती, शाळा, आरोग्य या क्षेत्रांत तिथलं काम मावळातल्या माणसाला परकं वाटणार नाही.

मात्र व्हिसा नाही म्हणून चौकशीही नको, असं करू नये. तिथल्या समाजकल्याण परिषदेशी संलग्न असलेली संस्था निवडावी आणि लहान मुलांच्या ‘अनाथालयां’बाबत विशेष सावध राहावं. नेपाळमध्ये आईवडील हयात असलेली मुलं खेड्यांतून आणून, परदेशी स्वयंसेवकांच्या देणग्यांसाठी अशा ठिकाणी ठेवल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. सेवेसाठी गेलेल्या माणसाच्या पैशानं एखादं मूल आईपासून तुटत असेल, तर ती सेवा नव्हेच. जी संस्था पार्श्वभूमीची तपासणी न करता, पोलिसांचा दाखला न मागता कोणालाही मुलांमध्ये सोडते, तिच्याकडे पाठ फिरवावी.

जर्मनीचं स्वयंसेवा वर्ष

दीर्घ सेवेसाठी कायद्यानंच नीट घडी घालून दिलेली वाट हवी असेल, तर जर्मनीकडे बघावं लागतं. तिथं पूर्वी तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती आणि जो शस्त्र हाती घ्यायला तयार नसे त्याला रुग्णालयात, वृद्धाश्रमात नागरी सेवा करावी लागे. २०११ मध्ये सक्तीची भरती स्थगित झाली. त्या नागरी सेवकांची जागा भरून काढायला १ जुलै २०११ पासून ‘बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट’, म्हणजे संघराज्याची स्वयंसेवा, सुरू झाली. तिला वयाची वरची मर्यादा नाही. तिच्या जोडीला ‘फ्रायविलिगेस सोत्सियालेस यार’ ही सामाजिक सेवावर्षाची जुनी योजना आहे, ती सत्तावीस वर्षांखालच्या तरुणांसाठी.

दोन्ही योजना परदेशी नागरिकांना खुल्या आहेत. सेवेचा काळ साधारण १२ महिने, सहसा ६ ते १८ महिन्यांच्या मर्यादेत. काम वृद्धांची सोबत, अपंग मुलांच्या शाळा, बालवाड्या, रुग्णालयं, पर्यावरण प्रकल्प असं. स्वयंसेवकाला हातखर्च मिळतो, बऱ्याच ठिकाणी निवास आणि जेवणही. सामाजिक विम्याचा हप्ता संस्था भरते. वर्षभराच्या सेवेत प्रशिक्षण शिबिरांचे २५ दिवस ठरलेले असतात, म्हणजे माणूस राबतो तसा शिकतोही.

यासाठी संस्थेबरोबरच्या कराराच्या आधारे राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो आणि जर्मनीत पोचल्यावर निवास परवाना. महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी मुंबईचा जर्मन महावाणिज्य दूतावास हे कार्यालय आहे. खरी परीक्षा भाषेची. वृद्धाश्रमातल्या आजोबांना इंग्रजीत धीर देता येत नाही, त्यामुळे संस्था निदान ए-२ किंवा बी-१ पातळीचं जर्मन मागतात. पुण्यात त्याची सोय जुनी आणि पक्की आहे: मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग. लोणावळा-पुणे लोकलनं शिकायला जाता येईल इतकी ती जवळ आहे.

‘वेल्टवेर्ट्स’ ही जर्मन सरकारची दुसरी योजना २००८ पासून जर्मन तरुणांना आशिया-आफ्रिकेत पाठवते. पुढे तिच्यात उलट दिशाही जोडली गेली. भागीदार संस्थेमार्फत भारतातले तरुणही तिथं सेवेला जाऊ शकतात. वय १८ ते २८. इथं अर्जदारानं स्वतः जर्मनीत संस्था शोधायची नसते. आपल्याकडची कोणती संस्था या योजनेत भागीदार आहे, हे शोधायचं असतं.

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा

ब्रिटनमध्ये ‘चॅरिटी वर्कर व्हिसा’ हा खास वर्ग आहे. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. परवानाधारक धर्मादाय संस्थेनं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र द्यायचं, त्याच्या आधारे अर्ज करायचा. काम पूर्ण विनावेतन असायला हवं आणि ते संस्थेच्या धर्मादाय उद्दिष्टाशी थेट जोडलेलं हवं. संस्था सुरुवातीच्या खर्चाची हमी देत नसेल तर अर्जदाराच्या खात्यात सलग २८ दिवस १,२७० पौंड दिसावे लागतात. आरोग्य अधिभार वेगळा भरावा लागतो. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या भारतीयाला मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. धार्मिक कार्यासाठी जाणाऱ्यांचा वर्ग वेगळा आहे आणि त्याची मुदत दोन वर्षांपर्यंत जाते.

अमेरिकेत स्वयंसेवकासाठी स्वतंत्र नावाचा व्हिसा नाही. मान्यताप्राप्त धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमात भाग घेणाऱ्याला बी-१ वर्गात जाता येतं. अमेरिकेतून पगार घ्यायचा नाही. प्रासंगिक खर्चाची भरपाई चालते. वस्तू विकणं, देणग्या गोळा करणं चालत नाही. बी-१ नेमका किती दिवसांचा, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठी जे-१ आणि धर्मसंस्थेत निदान दोन वर्षं सदस्य असलेल्या धार्मिक कार्यकर्त्यांसाठी आर-१ आहे. आर-१ ची एकूण मर्यादा पाच वर्षं. कॅनडात धर्मादाय संस्थेच्या कामासाठी जाणाऱ्याला कामाचा परवाना काढावा लागतो, पण ‘हे काम स्थानिक माणूस का करू शकत नाही’ हे सिद्ध करण्याच्या लांबलचक छाननीतून सूट मिळते.

या सगळ्या देशांच्या फी आणि अटी दर वर्षी-दोन वर्षांनी बदलतात. अर्ज भरायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघावं. वर्षापूर्वी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

आफ्रिका आणि आंतरराष्ट्रीय संस्था

पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी सेवाभावी पाहुण्यांसाठी निवास परवान्याचे वेगळे वर्गच केले आहेत. टांझानियात स्वयंसेवक, धर्मप्रसारक आणि संशोधक यांच्यासाठी ‘सी’ वर्गाचा परवाना आहे. केनियात मान्यताप्राप्त धार्मिक व धर्मादाय कामासाठी ‘आय’ वर्ग. अर्ज बहुधा तिथली संस्था करते. जाण्याआधी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी ती टोचून घ्यायची, कारण दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. ही लस न घेता अशा देशातून परतणाऱ्याला भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवलं जातं, हेही लक्षात असू द्यावं.

स्वतः संस्था शोधण्याची तसदी नको असेल, तर मोठ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणा आहेत. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये महासभेच्या ठरावानं स्थापन झाला. त्याचं मुख्यालय १९९६ पासून जर्मनीत बॉन इथं आहे. तज्ज्ञ स्वयंसेवक म्हणून जायला निदान तीन वर्षांचा अनुभव लागतो. स्वयंसेवकाला निर्वाहभत्ता, विमा आणि प्रवासखर्च मिळतो आणि व्हिसाचं काम यजमान देशाशी असलेल्या करारांमुळे पुष्कळ सोपं होतं. १९७१ मध्ये फ्रेंच डॉक्टर आणि पत्रकारांनी स्थापन केलेल्या ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या संस्थेला, म्हणजे सीमांपलीकडच्या डॉक्टरांना, १९९९ चं शांततेचं नोबेल मिळालं. नाव डॉक्टरांचं असलं तरी तिला जनरेटर चालवणारे, पाण्याची व्यवस्था लावणारे, गाड्या आणि भांडार सांभाळणारेही लागतात. छावणीतलं रुग्णालय विजेवाचून आणि शुद्ध पाण्यावाचून चालत नाही. आयटीआय करून कारखान्यात काही वर्षं काढलेल्या आणि इंग्रजी किंवा फ्रेंच शिकायची तयारी असलेल्या मावळच्या मुलानं आपल्याला तिथं काय काम, असं समजण्याचं कारण नाही.

शेती करणाऱ्यांसाठी जपानमधल्या नासुशिओबारा इथली एशियन रुरल इन्स्टिट्यूट ही संस्था ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७३ पासून ती आशिया-आफ्रिकेतल्या गावपातळीच्या कार्यकर्त्यांना बोलावून सेंद्रिय शेती आणि नेतृत्वाचं नऊ महिन्यांचं निवासी प्रशिक्षण देते. ही स्वयंसेवा नसून शिक्षण आहे. पण परत येऊन आपल्याच खोऱ्यात काम करायचं असेल, तर वर्षभराच्या परदेशी सेवेइतकंच ते मोलाचं ठरू शकतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ वाण दिलं. त्या तालुक्यातल्या शेतकऱ्यापाशी शिकवण्यासारखंही पुष्कळ आहे.

पासपोर्टवरची एक ओळ

दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ अशी ओळ छापलेली असते. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार असा माणूस नोकरीसाठी ठराविक १८ देशांत जाणार असेल तर त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. या यादीत आखाती देश आहेत, तसेच अफगाणिस्तान, येमेन, सुदान, सीरिया हेही आहेत, म्हणजे मदतकार्य जिथं सर्वाधिक चालतं तेच काही देश. दहावी उत्तीर्ण झालेल्यानं पासपोर्ट काढताना गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र जोडलं की ही ओळ येत नाही. ज्यांचा पासपोर्ट दहावीआधी निघाला, त्यांनी तो वेळीच दुरुस्त करून घ्यावा.

‘स्वयंसेवक’ म्हणून नेतो असं सांगून पैसे मागणारे दलाल या ओळीच्या आसपासच घुटमळतात. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या भरती एजंटला सरकारी नोंदणी बंधनकारक आहे, नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर बघता येते आणि त्याला उमेदवाराकडून घेता येणारं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक करापुरतं मर्यादित आहे. कोणी सेवेच्या नावाखाली लाखो रुपये मागून कामाचा व्हिसा मिळवून देतो म्हणत असेल, तर ती सेवा नाही आणि व्हिसाही नाही.

मावळात येणाऱ्यांसाठी

दुसऱ्या बाजूनं, परदेशातली माणसं इथं येतातच. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलं आणि योग शिकायला तिथं जगभरातून लोक येतात. छोट्या योग वर्गासाठी पर्यटक व्हिसा चालतो. पण एखाद्या परदेशी शिक्षिकेला आंदर मावळातल्या संस्थेत सहा महिने मुलांना इंग्रजी शिकवायचं असेल, तर तिनं नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेसाठी मिळणारा एम्प्लॉयमेंट व्हिसा काढायला हवा. एरवी या व्हिसाला मोठ्या वार्षिक पगाराची अट असते; मानद काम करणाऱ्या स्वयंसेवकाला ती लागू नाही. व्हिसावर त्या संस्थेचं आणि जागेचं नाव नोंदवलेलं असतं, त्यामुळे मधेच दुसऱ्या संस्थेत जाता येत नाही.

संस्थेच्या आणि घरमालकाच्याही जबाबदाऱ्या आहेत. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. हॉटेल असो, संस्थेचं वसतिगृह असो की गावातलं घर, नियम एकच. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यानं साधारणपणे १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करायची असते. १ सप्टेंबर २०२५ पासून या विषयाचे चार जुने कायदे जाऊन ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अॅक्ट, २०२५’ हा एकच कायदा लागू झाला आहे, आणि त्यात संस्थांवरची जबाबदारी कायम आहे.

पैशाचीही एक बाजू आहे. परदेशी स्वयंसेवकानं जाता जाता संस्थेला पाच-दहा हजार रुपये किंवा जुने लॅपटॉप दिले, तर ती परदेशी देणगी ठरते. परदेशी देणगी नियमन कायद्याखालची (‘एफसीआरए’) नोंदणी नसलेल्या संस्थेनं ती घेऊ नये. नोंदणी असेल तर रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी. चार पैशांच्या मदतीपायी संस्थेची नोंदणी धोक्यात आलेली कोणालाच परवडत नाही.

परदेशात वाढलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना ही वाट सोपी आहे. ‘ओसीआय’ म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड असेल तर भारतात राहून स्वयंसेवा करायला वेगळा व्हिसा लागत नाही. धर्मप्रसार, पत्रकारिता, गिर्यारोहण अशा काही ठराविक गोष्टींसाठी मात्र मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार आधी विशेष परवानगी घ्यावी लागते.

जे कायमचे राहिले

सेवेच्या व्हिसाला शेवट असतो. ब्रिटनचा चॅरिटी व्हिसा स्थायिक होण्याकडे नेत नाही. अमेरिकेच्या बी-१ वर तसा हेतूच धरता येत नाही. जर्मनीत सेवावर्ष संपल्यावर व्यावसायिक प्रशिक्षणाची जागा मिळाली तर परवाना बदलून घेता येतो, आणि पुष्कळ तरुण त्या मार्गानं परिचारिकेचं शिक्षण घेतात. पण आयुष्यच एका ठिकाणी घालवायचं तर कधी ना कधी नागरिकत्वाचा प्रश्न समोर येतो. महाराष्ट्रात तो अनेकांनी सोडवला.

१९७० च्या दशकात फ्रान्सहून पुण्यात येऊन राहिलेले गी पॉइतवाँ हे त्यांतले एक. मुळशी-मावळच्या डोंगरी वस्त्यांत ते वर्षानुवर्षं हिंडले. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी पुण्यात ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ उभं केलं. ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कार्यकर्त्यांनी गावोगावी बायांच्या शेजारी बसून जात्यावरच्या ओव्या ऐकल्या, लिहून घेतल्या. हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या अशा जमल्या. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईचं सुखदुःख, सासरमाहेर, पंढरीची ओढ, आंबेडकरांविषयीचं प्रेम असं सारं त्यांत आहे. गी यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. २००४ मध्ये ते गेले आणि त्यांच्यामागे तो संग्रह आता डिजिटल रूपात साऱ्या जगाला खुला आहे. इतकं काम करायला माणसाला इथं दशकं काढावी लागली. कोणत्याही स्वयंसेवी व्हिसात ती बसली नसती.

अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सिन बर्नसन फलटणच्या मराठी बोलीचा अभ्यास करायला आल्या, १९७८ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि १९८४ मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. कासेगावच्या गेल ऑम्वेट यांनी १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत त्या इथल्या चळवळींत राहिल्या. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे या माणसांनी आपला जन्मदेशाचा पासपोर्ट सोडून दिला. मावळातून बाहेर जाणाऱ्यालाही हेच लागू आहे: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो.

तयारीचं वेळापत्रक

वर्षभराच्या सेवेला निदान वर्षभराची तयारी लागते. पासपोर्ट नसेल तर तो पहिला. साध्या अर्जाची फी १,५०० रुपये, तातडीचा हवा असेल तर वर २,०००. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, हे अर्जाआधी तपासावं. बहुतेक विलंब तिथंच होतात. त्यानंतर भाषा आणि संस्थेची निवड एकाच वेळी सुरू करावी. संस्थेला प्रश्न विचारायला संकोच करू नये: नोंदणी कुठली, याआधी भारतातून कोण आलं होतं, त्याच्याशी बोलता येईल का, आजारी पडल्यास परत कोण आणणार. जाण्याच्या तीन-चार महिने आधी पासपोर्ट सेवेमार्फत पोलीस पडताळणीचा दाखला, शैक्षणिक कागदपत्रांचं प्रमाणीकरण आणि मराठी कागदांची अधिकृत भाषांतरं करून घ्यावीत. परदेशात पोचल्यावर भारतीय वकिलातीत नाव नोंदवावं आणि अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार करावी.

जर्मनीतली बहुतेक सेवावर्षं ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. त्या हिशेबानं आंदर मावळातल्या एखाद्या मुलीनं दिवाळीनंतर, भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर, पुण्यात जर्मनचा वर्ग लावला, तर पुढच्या भातलावणीपर्यंत ए-२ ची परीक्षा होते. त्या सप्टेंबरची तुकडी तिच्या हातून निसटलेली असेल. पण त्याच्या पुढच्या वर्षीच्या तुकडीसाठी संस्थांकडे अर्ज करायला, करार हाती घ्यायला आणि मुंबईत व्हिसाची वेळ मिळवायला तिच्यापाशी पुरेसे महिने असतात.